अर्ध्या आण्याचं धर्मसंकट

वापरलेल्या वस्तूची किंमत उतरते, हा व्यवहारातला साधा नियम आहे. जुना कोट बोहारणीकडे गेला तर त्याची धड एक वाटीसुद्धा येत नाही. सायकल, पंखा, जावई, सगळ्यांचाच भाव पहिल्या वर्षानंतर घसरतो. हा नियम न जुमानणारी एकच वस्तू माझ्या पाहण्यात आहे, ती म्हणजे पोस्टाचं तिकीट. सरकार ते छापतं, आपण ते जिभेनं ओलं करून चिकटवतो, पोस्टातला माणूस त्याच्या तोंडावर दाणकन काळा शिक्का मारतो आणि ते कायमचं निकामी होतं. ज्या दिवशी ते निकामी होतं, त्या दिवसापासून त्याच्या मागे माणसं लागतात. सेवानिवृत्तांनी या गोष्टीकडून थोडं धैर्य घ्यायला हरकत नाही.

या नादाला इंग्रजीत ‘फिलाटेली’ असं भारदस्त नाव आहे. ते एका फ्रेंच गृहस्थानं १८६४ साली ग्रीक भाषेतून जुळवलं. त्याचा अर्थ साधारण असा की, ‘ज्यावर आता काही देणं राहिलेलं नाही, त्याविषयीचं प्रेम’. तिकीट लावलेलं पत्र म्हणजे ज्याचे पैसे धाडणाऱ्यानं आधीच चुकते केलेत असं पत्र. घेणाऱ्यानं दार उघडायचं, पत्र घ्यायचं, आणि पोस्टमनला वाटलं तर पाणी विचारायचं. देणं काही नाही. अर्थ सुंदर आहे. माझा वाद या ‘देणं काही नाही’शीच आहे, पण त्याकडे सावकाश येतो.

आमच्या घराण्यात हा नाद माझ्या मामांना आहे. मामा भिवंडीचे. जन्म तिथलाच, शाळेत शिकले तिथंच आणि पुढं शाळेत शिकवलंही तिथंच. आज वय पंच्याऐंशी. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागांची खटखट आठवते. मामांच्या घराच्या भिंतीपलीकडे ती खटखट पन्नास-साठ वर्षं चालू आहे आणि भिंतीच्या अलीकडे मामा चिमट्यानं तिकीट उचलून श्वास रोखून बसलेले आहेत. कारण श्वास सुटला तर राणी उडते. व्हिक्टोरिया राणीच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नसे म्हणतात. पण आमच्या मामीनं पंखा लावला की ते साम्राज्य कपाटाखाली जात असे.

मामांमुळे मला जे ज्ञान झालं, ते थोडं वाचकांनाही देतो. पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्यानं द्यायचे, आणि तेही अंतराप्रमाणे. त्यामुळे पुष्कळ लोक पत्र नुसतं हातात घेऊन, उलटसुलट पाहून, ‘आमचं नव्हे’ म्हणून परत करत. पाकिटावर आधी ठरवलेली खूण असे. ती पाहिली की कळायचं मंडळी खुशाल आहेत. यावर उपाय म्हणून १८४० च्या मे महिन्यात इंग्लंडात काळ्या रंगाचं एक पेनीचं तिकीट निघालं. आशियात हा मान सिंध प्रांताला मिळाला. १ जुलै १८५२ रोजी तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंध डाक’ची अर्ध्या आण्याची तिकिटं काढली. (हेच फ्रिअरसाहेब पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले.) ती तांबडी, पांढरी आणि निळी अशी तीन रंगांत निघाली. तांबडं तिकीट लाखेसारखं ठिसूळ होतं. हात लागला की तडकायचं. म्हणून आज ते अतिशय दुर्मिळ आहे. टिकाऊ असतं तर त्याला कुणी विचारलं नसतं.

मग १ ऑक्टोबर १८५४ ला सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं सुरू झाली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की मुलुखाच्या दुसऱ्या टोकाला. माणसाच्या सुखदुःखाला अंतराप्रमाणे भाव लावायचा नाही, हा विचार कंपनी सरकारच्या डोक्यात यावा याचं मला अजून नवल वाटतं. त्या वेळी चार आण्यांचं एक दुरंगी तिकीट कलकत्त्याला छापलं. रंग दोन म्हणून कागद छापखान्यातून दोनदा काढायचा. त्यात काही कागद उलटे गेले आणि चौकट सुलटी पण राणी डोक्यावर उभी, अशी काही तिकिटं बाहेर पडली. आज जगभरचे श्रीमंत लोक त्या उलट्या राणीसाठी सुलटे पैसे मोजतात. मी आयुष्यभर कचेरीत काम केलं. तिथं कागद उलटा लागला तर काय मोजावं लागतं ते मला ठाऊक आहे.

आणखी एक कथा मामा नेहमी सांगतात. मॉरिशस बेटात १८४७ साली तिकिटं निघाली, एक पेनीची आणि दोन पेनीची, फक्त पाचशे-पाचशे. त्यातली मोजून सत्तावीस आज शिल्लक असल्याचं मानतात. त्यातली एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं एक पाकीट १८५० च्या जानेवारीत मॉरिशसहून मुंबईला निघालं, इथल्या बायबल सोसायटीच्या चिटणिसाच्या नावे. ते पाकीट पुढं एकोणिसावं शतक संपता संपता हिंदुस्थानातल्या कुठल्याशा बाजारात सापडलं आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तीन लाख ऐंशी हजार डॉलरना गेलं. मामा ही कथा सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतात आणि मग भिवंडीच्या रद्दीवाल्याकडे एक चक्कर मारून येतात.

या कथेतली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आली. त्या पाकिटावरच्या दोन तिकिटांविषयी जगाला सगळं ठाऊक आहे. रंग, छाप, कोणी कितीला घेतलं, सगळं. पण त्या पत्रात काय लिहिलं होतं, असं मी विचारलं की मामा म्हणतात, “अरे, ते काय महत्त्वाचं?”

बरोबर. तेच विचारायचं आहे. ते काय महत्त्वाचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पाच-सहा वर्षांपूर्वी फिरकीसारखा घुसला. भिवंडीतला एक जुना वाडा पाडून तिथं इमारत उठायची होती. माळा रिकामा झाला. पितळेची भांडी मोडीत गेली, लाकूड वखारीत गेलं आणि कागद रद्दीत. आमच्या ओळखीचे रद्दीवाले चाचा मामांचा नाद जाणून आहेत. जुनं तिकीट दिसलं की तो कागद ते बाजूला ठेवतात आणि मामांना निरोप धाडतात. त्यांनी एक गाठोडं बाजूला ठेवलं होतं. मामांबरोबर मीही गेलो. चाचांनी गाठोडं काट्यावर टाकलं आणि वजन सांगितलं. मी म्हटलं, “चाचा, आत जुनी पत्रं आहेत, जरा बघून तरी भाव सांगा.”

चाचा म्हणाले, “माझ्याकडे सगळ्याला एकच भाव, भाऊ. लग्नाची पत्रिका काय, कोर्टाचं समन्स काय, शाळेचं पुस्तक काय. मी वाचायला बसलो तर दुकान बंद करावं लागेल.”

समता या विषयावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण इतकी अमलात आणलेली समता दुसरीकडे पाहिली नाही.

घरी येऊन गाठोडं सोडलं. शके १७९० च्या पुढची, म्हणजे १८७० च्या आसपासची पत्रं. वाड्याचा तेव्हाचा मालक भाताचा व्यापारी असावा. भिवंडी तालुका म्हणजे भाताचा मुलूख. सगळी पत्रं त्याला आलेली आणि सगळी मोडीत. त्या काळी पाकीट ही चैन होती. लिहिलेला कागदच घडी घालून चिकटवायचा, मोकळ्या बाजूवर पत्ता लिहायचा आणि तिकीट डकवायचं. ही घडीची रीत वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण सगळं धर्मसंकट या घडीत आहे. तिकिटं होती तीही अर्ध्या आण्याची, निळी, वर ‘ईस्ट इंडिया’ असं छापलेली. मामांनी भिंग लावून पाहिलं आणि उसासा सोडला. हे तिकीट इतकं भारंभार छापलं गेलंय की त्याची किंमत वडापावाच्या पलीकडे फारशी जात नाही. “शिक्के चांगले आहेत,” ते स्वतःचं समाधान करत म्हणाले.

माझं लक्ष मात्र एका पत्राकडे गेलं. त्याच्यावर तिकीट नव्हतं. तिकिटाच्या जागी चौकोनी खिडकी होती. कुणीतरी कधीतरी कात्रीनं तिकीट कापून नेलं होतं, आणि घाईत म्हणा की घडी न उलगडल्यामुळे म्हणा, कागदाच्या दोन पदरांतून कात्री चालवली होती. पत्र उघडून धरलं की त्यातून पलीकडे मामांचं नाक दिसत होतं.

मोडी आता वाचतो कोण? शाळांतून ती जाऊन सत्तरएक वर्षं झाली. माझ्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आमच्याकडे आहेत. आम्ही त्या दसऱ्याला पूजतो, कारण वाचता येत नसलेल्या गोष्टीची पूजाच करता येते. शेवटी सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मिळाले. त्यांना आम्ही ‘मोडीवाले भाऊ’ म्हणू. ते एका रविवारी आले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि पहिलं पत्र हातात घेतलं. तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दुसऱ्याचं पत्र वाचू नये.”

आता हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही. ते मुलांना आम्ही दोघांनीही शिकवलेलं आहे. पण ज्याला पत्र आलं तो माणूस जाऊन शंभर-सव्वाशे वर्षं झाली, लिहिणारा गेला, पोस्टमन गेला, राणीसुद्धा गेली, तरी ते ‘दुसऱ्याचं’च राहतं का?

मामा म्हणाले, “सूनबाई, आम्ही काही वाचत नाही. आम्ही फक्त तिकीट पाहतो.”

मोडीवाले भाऊ म्हणाले, “मी वाचतो, पण लक्षात ठेवत नाही. चाळीस वर्षं हेच केलं. इनामाची प्रकरणं, भावाभावांची भांडणं… लक्षात ठेवली असती तर जेवण गेलं नसतं.”

मी मध्यममार्गी माणूस. मी कायद्याकडे धावलो. कायद्याचं म्हणणं मोठं मजेशीर आहे. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा. पण त्यातले शब्द ज्यानं लिहिले त्याचे. म्हणजे पत्र एक आणि मालक दोन. कागदाचा मालक ते विकू शकतो, जाळू शकतो. छापायचं म्हटलं तर शब्दांच्या मालकाला विचारायला हवं. तिकिटाचे पैसे पुन्हा धाडणाऱ्याचे, पण शिक्का पडला की ती सरकारला पोचल्या पैशांची पावती. आणि सरकारचं काय? पोस्टाचा १८९८ चा कायदा घ्या, की त्याच्या जागी आलेला २०२३ चा नवा कायदा घ्या. कारण पडलं तर टपाल अडवून उघडायची मुभा सरकारनं दोन्हींत स्वतःकडे राखून ठेवली आहे. एकूण काय, दुसऱ्याचं पत्र वाचू नये हा नियम मुलांना आणि नवऱ्यांना आहे, सरकारांना नाही.

आणि आपल्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध बातमी अशीच दुसऱ्याचं पत्र उघडून कळलेली आहे. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. भेलशाजवळ एका सावकाराचा जासूद सापडला. पत्र सावकारी, सावकारानं सावकाराला लिहिलेलं, पेशव्यांच्या नावचं नव्हे. ते फोडलं. त्यात हिशेबाच्या भाषेत मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं लिहिलं होतं. दोन मोती म्हणजे त्यांचा चुलतभाऊ आणि त्यांचा मुलगा. पानिपत त्यांना असं कळलं. त्या क्षणी ‘दुसऱ्याचं पत्र वाचू नये’ हा नियम त्यांना कुणी सांगितला असता का? आणि त्यांनी तो पाळला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना स्वतःलाही वाटून गेलं नसेल का?

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ छापली. १८९८ साली पहिला खंड, आणि पुढं बावीस खंड. ती साधनं म्हणजे काय? दुसऱ्यांची पत्रंच की! माळ्यांवरून, पेट्यांतून, वाण्याच्या पुड्यांच्या तोंडून ओढून काढलेली. त्यांनी ‘नको बुवा, खासगी आहे’ म्हणून हात आखडता घेतला असता, तर आपल्याला आपल्या आजोबा-पणजोबांविषयी इंग्रज सांगतील तेवढंच कळलं असतं. मी हे सगळं आमच्या हिला ऐकवलं. ती म्हणाली, “ते राजवाडे होते. तुम्ही कोण?”

या मुद्द्याला उत्तर नाही हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पण त्यात एक खरा मुद्दाही आहे. वाचायचा हक्क नात्यानं मिळत नसेल, कायद्यानं मिळत नसेल, तर तो कशानं मिळतो? माझ्यापुरतं मी एक उत्तर काढलं: वाचून झाल्यावर आपण त्या पत्राचं काय लागतो, यावर ते अवलंबून आहे. चुगलखोर वाचतो तो दुसऱ्याला सांगण्यासाठी. इतिहासकार वाचतो तोही दुसऱ्याला सांगण्यासाठीच. फरक एवढाच की चुगलखोराला लिहिणाऱ्याचं काही पडलेलं नसतं. हे उत्तर मी हिला ऐकवलं नाही.

मूळ वाड्याच्या वारसालाही मी गाठलं. डोंबिवलीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे सज्जन गृहस्थ. म्हटलं, तुमच्या खापरपणजोबांची पत्रं आहेत, घेऊन जा. ते म्हणाले, “ठेवा हो तुम्हीच. आमच्याकडे वॉशिंग मशीन ठेवायला जागा नाही.” मग जाता जाता विचारलं, “तिकिटांचे काही येतात का?” मी वडापावाचा भाव सांगितल्यावर त्यांनी माझा निरोप घेतला. हक्काचा प्रश्न असा सुटला. म्हणजे ज्याचा हक्क होता त्यानं तो सोडला. तरी आमची ही दारातून हलली नाही, पण निघूनही गेली नाही.

मोडीवाल्या भाऊंनी खिडकीचं पत्र उजेडाकडे धरलं आणि वाचू लागले. जावयानं सासऱ्याला लिहिलं होतं. वर श्री, मग साष्टांग नमस्कार, इकडील क्षेम. मग मजकूर. बाळाला ताप येऊन आठ दिवस झाले. अंगाला हात लाववत नाही. नवव्या दिवशी वैद्यबुवांनी मात्रा दिली, तो रात्री…

भाऊ थांबले.

“पुढं?” मामा म्हणाले. तिकीट नसलेल्या पत्राविषयी मामांनी ‘पुढं’ विचारण्याची ती पहिली वेळ.

“पुढं खिडकी,” भाऊ म्हणाले. खिडकीत चार ओळी गेल्या होत्या. खिडकीखाली मजकूर पुन्हा सुरू होत होता. सर्व देवाधीन. आपण येण्याची तसदी घेऊ नये. भाताचा भाव कळवावा. लोभ असावा ही विनंती.

खोलीत कुणी बोललं नाही. पलीकडे माग चालू होते.

‘सर्व देवाधीन’ हे शब्द माणूस दोन्ही वेळी लिहितो. ‘येण्याची तसदी घेऊ नये’ हे ताप उतरला म्हणूनही लिहील आणि आता येऊन उपयोग नाही म्हणूनही लिहील. भाताचा भाव तर माणूस कुठल्याही परिस्थितीत विचारतो. मुलगी आहे की मुलगा, नाव काय, कितव्या वर्षाचं, काही कळायला मार्ग नाही. १८७३-७४ सालचं एक पोर रात्री कूस बदलतंय, आणि पुढं काय झालं ते अर्ध्या आण्याच्या तिकिटाबरोबर गेलेलं.

“वाचलं असणार,” आमची ही एकदम म्हणाली. “वाईट बातमीचं पत्र घरात ठेवतात का कुणी? कोपरा फाडलेलं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, असं आमच्याकडे होतं. हे ठेवलंय, म्हणजे पोर वाचलं.”

मामांमधला अभ्यासक जागा झाला. “सूनबाई, कार्ड १ जुलै १८७९ ला निघालं, पाव आण्याचं. हे पत्र त्याच्या आधीचं आहे. कार्डाची रीत याला लावता येणार नाही.”

“रीत कार्डाची नसते मामा, घराची असते,” ती म्हणाली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणणारी बाई त्या पत्रातल्या पोरासाठी मामांशी वाद घालत होती.

आता कापणाऱ्याचा विचार करा. त्यानं काही गुन्हा केला का? मुळीच नाही. तो बहुधा शाळकरी पोरगा असणार. त्या काळी कात्री हेच तिकीट जमवण्याचं हत्यार होतं. पुढं कधीतरी लोकांना उमगलं की तिकीट पत्रासकट असेल तर त्याची किंमत जास्त. पण तेव्हाही किंमतच जास्त म्हणून पत्र वाचवलं, पत्राकरता नव्हे. कापणाऱ्याला मोडी येत नव्हती, पत्र त्याच्या लेखी तिकिटाचा पाठकोरा होता. त्याला सुंदर गोष्ट हवी होती आणि ती त्यानं जपली. वाईट हेतू कुठंच नाही. जगातलं बरंचसं नुकसान असंच होतं: आपल्याला जे मोलाचं वाटतं त्याच्या पाठीमागं दुसऱ्याचं काही लिहिलेलं आहे का, हे उलटून न पाहिल्यामुळे. भिवंडीतला तो वाडा पाडणारालाही जागा मोलाची होती. त्यानं माळ्यावर कोण राहतं ते पाहिलं नाही. भाताच्या मुलखात माग आले, मागांच्या मागोमाग आता मोठमोठी गोदामं आली. मुंबईकर मंडळी घरबसल्या जे मागवतात, त्यातली पुष्कळ पार्सलं आज भिवंडीतून सुटतात. एवढं टपाल या गावानं जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त त्यात पत्र नसतं. आणि जे आपण फोनवर लिहितो त्याला निळ्या खुणा पडतात, शिक्के पडत नाहीत. ते ना माळ्यावर जाणार, ना चाचांच्या काट्यावर. शंभर वर्षांनी आपलं पोर तापातून उठलं की नाही याची चौकशी करायला कुणी येणार नाही.

माझा प्रश्न असा आहे, वाचकहो. त्या पत्राचे पैसे चुकते झाले होते. घेणाऱ्यानं काही द्यायचं नव्हतं. पण ते पत्र दीडशे वर्षांनी चुकून माझ्या दारी आलं आणि माझ्याकडून झोपेचा एक प्रहर वसूल करून गेलं. मेलेल्यांचं आपण काही देणं लागतो का? मोठं तत्त्वज्ञान मला येत नाही. श्राद्धपक्ष मी करतो तो पुरणपोळीसाठी नव्हे असं शपथेवर सांगणार नाही. पण मला एवढं वाटतं की, ज्याचं काही आपल्या हाती आलं त्याचं ‘पुढं काय झालं’ असं निदान विचारावं. उत्तर मिळेलच असं नाही. बहुतेकांच्या आयुष्यात नेमक्या चार ओळी कुणीतरी कापून नेलेल्या असतात. तरी विचारावं.

ते पत्र आम्ही जपून ठेवलं आहे. भाऊंनी शेजारी बाळबोधीत नक्कल करून दिली. खिडकीच्या जागी त्यांनी चौकोन काढला आणि तो कोराच ठेवला. आमची ही त्यात काहीतरी लिहील अशी मला भीती होती, पण तिनं लिहिलं नाही.

मामांचं मात्र त्या रविवारी काहीतरी बिघडलं. भाऊ गेल्यावर त्यांनी निळ्या अर्ध्या आण्यांचा अल्बम काढला आणि एकेक तिकीट चिमट्यानं उलटून पाहू लागले. ती तिकिटं त्यांनी शाळेत असताना, म्हणजे पन्नासच्या दशकात, सुट्टीत भिवंडीतल्या वाड्यावाड्यांतून कात्री घेऊन हिंडून जमवली होती. ही गोष्ट ते पूर्वी मोठ्या अभिमानानं सांगत. मग घरी आणून कोमट पाण्याच्या बशीत टाकायची. पाठचा कागद सुटला की टिपकागदावर वाळवायची. काजळाची शाई पाण्यात लगेच उतरते. बशीतलं पाणी तुळशीला घालत असत, असंही ते सांगत.

मामांनी शेवटचं पान मिटलं आणि म्हणाले, “सगळी स्वच्छ आहेत.” हे ते पूर्वीही म्हणत; तेव्हा ती कौतुकाची गोष्ट होती.

नाद काही सुटलेला नाही. या वयात सुटू पण नये. अजून मुंबईला प्रदर्शन भरलं की मी मामांना घेऊन जातो. तिथं ते व्यापाऱ्यापुढं बसतात, राणीच्या काळचं निळं तिकीट मागतात आणि हातात आलं की आधी उलटं करून पाठ उजेडाकडे धरतात. बराच वेळ बघतात. व्यापारी कौतुकानं हसतो. १८६५ पासूनच्या त्या तिकिटांच्या कागदात हत्तीच्या डोक्याचा जलचिन्हाचा छाप असतो, आणि जाणकार गिऱ्हाईक तो आधी पाहतं. “दिसला का हत्ती, काका?” असं तो विचारतो.

मामा म्हणतात, “दिसला.” आणि तिकीट पुन्हा एकदा उजेडाकडे धरतात.